‘आधार द्या’ म्हणजे नेमकं काय लिहायचं?

सोलापूर जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला आहे. घटक चाचणीत उताऱ्याखालच्या स्वमताच्या प्रश्नाला तिने उताऱ्यातलीच चार-पाच वाक्यं जोडून उत्तर लिहिलं. तीनपैकी एक गुण मिळाला आणि शेरा पडला, ‘उताऱ्यातून उतरवले आहे. स्वतःच्या शब्दांत लिही.’ तिने ते मनावर घेतलं. सहामाहीला उताऱ्यातला एकही शब्द येऊ न देता पानभर स्वतःचं लिहिलं. पुन्हा एकच गुण, आणि शेरा, ‘आधार कुठे आहे?’ क्लासचे सर सांगतात, उताऱ्यातले शब्द उत्तरात दिसलेच पाहिजेत, तपासणारा तेच शोधतो. शाळेतल्या बाई सांगतात, उतारा उतरवू नका. मुलगी आता म्हणते, ‘काहीही लिहिलं तरी एकच मिळणार,’ आणि उताऱ्याचा प्रश्न शेवटी ठेवते, कधी सोडूनच देते. आई लिहितात: ‘माझं शिक्षण कन्नड माध्यमात झालं. मराठी बोलते, वाचते, पण मराठीत पेपर कधी लिहिला नाही. तिला काय सांगू कळत नाही. बाईंना जाऊन भेटू की क्लास बदलू? की हे सगळं तपासणाऱ्याच्या मर्जीवरच असतं? आणि एक खरं सांगा, पुस्तकातलं वाक्य उचलून लिहिणं ही कॉपीच नाही का?’

ताई,

दोन्ही उत्तरांचे फोटो तुम्ही पाठवलेत, म्हणून नेमकं बोलता येतंय. ती उत्तरं मी इथे देत नाही. मैत्रिणींच्या वाचनात आली तर मुलीला ओशाळं वाटेल. पण दोन्ही सावकाश वाचली, आणि पहिली गोष्ट ही सांगायची की तुमची मुलगी वाचते चांगलं. चाचणीत तिने उचललेली वाक्यं अचूक होती. उत्तर ज्या ओळींत दडलं होतं, त्याच ओळी तिला सापडल्या होत्या. सहामाहीत तिने मांडलेलं मतही पटण्यासारखं होतं. म्हणजे तिला ओळी शोधता येतात आणि मतही बनवता येतं. फक्त या दोन गोष्टी अजून एका उत्तरात एकत्र आलेल्या नाहीत.

म्हणून बाईंचे दोन शेरे एकमेकांविरुद्ध आहेत असं मला वाटत नाही. पहिल्या उत्तरात उतारा बोलत होता आणि मुलगी गप्प होती. दुसऱ्यात मुलगी बोलत होती आणि उतारा गायब होता. बाईंना दोघंही हवे आहेत. पेपरांचा गठ्ठा समोर असताना शेरा तीन-चार शब्दांपलीकडे जात नाही, आणि तेवढ्यावरून ‘तेव्हा एक सांगितलं, आता दुसरंच’ असं पंधरा वर्षांच्या मुलीला वाटलं तर तिचं काही चुकलं नाही. क्लासच्या सरांचं म्हणणंही अर्धं बरोबर आहे. उताऱ्यातले शब्द उत्तरात यायला हवेत. पण शब्द नुसते येऊन भागत नाही. त्या शब्दांवरून तुम्ही काय ओळखलंत, ते तपासणाऱ्याला वाचायचं असतं.

आता कॉपीचं. कॉपी म्हणजे दुसऱ्याचं घेऊन ते आपलं म्हणून दाखवणं. अवतरणचिन्हात चार शब्द घालून ‘लेखक असं म्हणतो’ लिहिलं की लपवाछपवी उरतच नाही. उलट तपासणाऱ्याला उतारा काढून तुमचं म्हणणं ताडून पाहता येतं. याच्याइतकं प्रामाणिक लिहिणं दुसरं नाही. तुमच्या मनात जी टोचणी आहे ती चांगल्या घरातली टोचणी आहे, पण इथे ती मुलीच्या आड येतेय. सहामाहीत तिने उताऱ्यातला शब्दन्‌शब्द टाळला, त्यामागे ‘उचलणं म्हणजे चोरी’ ही भीती असावी असं मला तिचं उत्तर वाचताना वाटलं. काही ठिकाणी तर अगदी साधा शब्द टाळण्यासाठी तिने भलताच अवघड शब्द वापरलाय.

शिवाय सगळ्या प्रश्नांना एकच नियम लावून चालत नाही, हे तिला कोणीतरी शांतपणे समजावायला हवं. दहावीचा अभ्यासक्रम २०१८-१९ मध्ये बदलला, तेव्हापासून मराठीला प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत पठित, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या, गद्य उताऱ्याला सात गुण असतात: दोन-दोन गुणांच्या दोन आकलनाच्या कृती आणि तीन गुणांचं स्वमत. आकृतिबंध पूर्ण करा, चौकटी भरा, कारण लिहा, या आकलनाच्या कृती. तिथे उताऱ्यातला शब्द जसाच्या तसा लिहिणं हेच अपेक्षित आहे. तिथे ‘माझ्या मते’ने सुरुवात करून वेळ घालवायचा नाही, अवतरणचिन्हंही नकोत. स्वमताला मात्र उताऱ्यातून काय कळलं आणि त्यावर तुमचं काय म्हणणं, हे दोन्ही लागतं. पहिल्या चाचणीत तुमच्या मुलीने स्वमताचं उत्तर आकलनाच्या पद्धतीने लिहिलं, एवढाच काय तो घोळ.

बोलून कितीही सांगितलं तरी हे करून पाहिल्याशिवाय डोक्यात बसत नाही. म्हणून खाली एक छोटा उतारा मीच लिहिला आहे.

‘बाजार उठत आला होता. आजोबांच्या टोपलीत मेथीची एकच जुडी उरली होती. एक गिऱ्हाईक थांबलं. “पाचला देता का?” आजोबा म्हणाले, “नाही परवडत, दादा.” गिऱ्हाईक पुढे गेलं. आजोबांनी जुडीवर पाणी शिंपडलं, ती शेजारी बसलेल्या अक्कांच्या पिशवीत घातली आणि म्हणाले, “नातू यायचाय म्हणत होता ना आज.” मग रिकामी टोपली काखेत मारून ते स्टँडकडे निघाले. एसटीला अजून तासभर अवकाश होता.’

प्रश्न असा: ‘आजोबांचा स्वभाव उताऱ्याच्या आधारे तुमच्या शब्दांत लिहा.’

एक मूल लिहितं: ‘आजोबांच्या टोपलीत मेथीची एकच जुडी उरली होती. गिऱ्हाइकाने पाचला देता का असे विचारले. आजोबा नाही परवडत म्हणाले. त्यांनी ती जुडी अक्कांच्या पिशवीत घातली. असा आजोबांचा स्वभाव होता.’ यात एकही ओळ चुकीची नाही, पण स्वभाव कुठेच नाही. ‘असा’ म्हणजे कसा, ते तपासणाऱ्याने ओळखायचं?

दुसरं मूल लिहितं: ‘आजोबा अतिशय प्रेमळ, दयाळू, कष्टाळू व परोपकारी होते. आजच्या स्वार्थी जगात अशी माणसे दुर्मीळ झाली आहेत. आपण सर्वांनी त्यांचा आदर्श घेतला पाहिजे. माणुसकी हाच खरा धर्म आहे.’ भाषा सफाईदार आहे. पण हेच उत्तर कुठल्याही धड्यातल्या कुठल्याही आजोबांखाली चिकटवता येईल. या आजोबांना या मुलाने पाहिलेलंच नाही. आणि शेवटचा तो सुविचार! निबंधात सुविचार पेरा, काव्यपंक्ती पेरा, असं आपण मुलांना इतकं सांगितलं आहे की अवतरण म्हणजे सजावट अशी त्यांची समजूत झाली आहे. निबंधात त्याचं काय करायचं ते वेगळं बोलू. पण उताऱ्याच्या उत्तरात बाहेरून आणलेला सुविचार काहीच सिद्ध करत नाही.

तिसरं उत्तर असं असू शकेल: ‘आजोबा उदार आहेत, पण आपल्या मालाची किंमत ओळखणारे आहेत. कमी भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते “नाही परवडत” असं स्पष्ट सांगतात. तीच जुडी पुढे पैशांचा विषयही न काढता अक्कांना देतात. म्हणजे अडचण पाच रुपयांची नव्हती. कष्टाचा माल कोणी पाडून मागावा, हे त्यांना रुचलं नसावं. “नातू यायचाय म्हणत होता ना” या बोलण्यावरून दिसतं की अक्कांनी सहज सांगितलेली गोष्ट त्यांनी लक्षात ठेवली होती. देताना ते उपकाराची भाषा करत नाहीत, नातवाचं निमित्त पुढे करतात.’

मुलीला हे तिसरं उत्तर पाठ करायला देऊ नका. तिच्याजवळ बसा आणि यात उताऱ्यातले शब्द किती आहेत ते तिलाच मोजू द्या. अवतरणात घेतलेले जेमतेम सात. बाकी सगळं मुलाचं स्वतःचं आहे, तरी प्रत्येक वाक्य उताऱ्याला धरून आहे. तिच्या दोन्ही शेऱ्यांचं उत्तर इथे एकत्र मिळतं.

आणखी दोन बारीक गोष्टी तिला दाखवा. ‘नाही परवडत’ हे शब्द अवतरणात जसेच्या तसे घेतले, पण जुडी दिल्याचं मात्र साध्या शब्दांत सांगून टाकलं. असं का? कारण पहिल्या ठिकाणी सगळा मुद्दा त्या दोन शब्दांवरच उभा आहे. आजोबांनी ‘नको’ म्हटलं असतं, किंवा ‘सातला घ्या’ म्हटलं असतं, तर अर्थ बदलला असता. दुसऱ्या ठिकाणी शब्दाचं महत्त्व नाही, कृतीचं आहे. ती आपल्या शब्दांत सांगितली तरी आधार पक्काच राहतो. कुठे अवतरण घ्यायचं आणि कुठे नाही, हे ठरवायची माझी कसोटी हीच: शब्द बदलला तर माझा मुद्दा ढासळेल का? ढासळत असेल तर तोच शब्द घ्यायचा.

दुसरी गोष्ट ‘रुचलं नसावं’मधला तो ‘नसावं’. आजोबांना काय रुचलं नाही ते उताऱ्यात लिहिलेलं नाही, मुलाने ताडलं आहे. जे लिहिलेलं आहे ते ‘आहे’ म्हणून सांगायचं आणि जे ताडलं ते ‘असावं’ म्हणून. हा फरक पाळणारं मूल नीट वाचतं आहे हे तपासणाऱ्याला लगेच कळतं.

माझ्या मते या उताऱ्यातली सगळ्यांत बोलकी जागा अजून कोणाच्याच उत्तरात आलेली नाही. आजोबांनी जुडीवर पाणी शिंपडलं. कधी? गिऱ्हाईक गेल्यावर, आणि अक्कांना देण्याआधी. भाजीवाला दिवसभर पाणी मारतच असतो, त्यात विशेष काय, असं कोणी म्हणेल, आणि ते म्हणणं चूक नाही. पण बाजार उठत आला आहे, जुडी आता विकायची नाही, द्यायचीच आहे आणि तेव्हा ते पाणी शिंपडतात. शिल्लक राहिलं म्हणून गळ्यात मारलं असं नाही, ताजी करून दिली. इथे एकही शब्द अवतरणात घ्यायची गरज नाही. कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर घडली, हा क्रमसुद्धा आधार असतो. तुमच्या मुलीला विचारून पहा, तिला हे पाणी दिसतं का. मला वाटतं दिसेल.

उलट बाजूही दाखवायला हवी, कारण मुलं इथे हमखास घसरतात. समजा प्रश्न आला, ‘आजोबांची परिस्थिती कशी होती?’ एखादं मूल लिहील, ‘आजोबा खूप गरीब होते, कारण “एसटीला अजून तासभर अवकाश होता” असे उताऱ्यात म्हटले आहे.’ अवतरण बिनचूक आहे, चिन्हंही जागच्या जागी आहेत. पण एसटीची वाट गावातले शिक्षकही बघतात आणि तलाठीही. या ओळीवरून एवढंच कळतं की आजोबा बाहेरगावाहून बाजाराला आले होते आणि थांबायला त्यांच्याकडे वेळ होता. अवतरण दिलं म्हणजे आधार झाला, असं होत नाही. ते शब्द तुमच्या विधानाचा भार पेलतात का, हे पाहायला लागतं. पेलत नसतील तर विधान तेवढं लहान करायचं. ओळ ताणायची नाही.

तुम्ही पंढरपूरच्या जिल्ह्यात राहता, वारकरी कीर्तन तुमच्या कानावर असणारच. कीर्तनकार एक अभंग निरूपणाला घेतो. मुद्दा मांडला की त्याला प्रमाण देतो, कधी ज्ञानोबांची ओवी तर कधी तुकोबांचा एखादा चरण. टाळकरी तो उचलून म्हणतात आणि बुवा पुन्हा निरूपणाकडे वळतात. नुसती प्रमाणं म्हणत गेलं तर ते भजन होईल. प्रमाण न देता बोलत राहिलं तर जाणता श्रोता विचारणारच, ‘बुवा, हे कशावरून?’ तुमच्या मुलीला उत्तराची चाल समजायला एवढं पुरेल. फरक एकच, बुवांना प्रमाण कुठूनही घेता येतं, तिने मात्र समोरच्या उताऱ्यातूनच घ्यायचं. आणि बुवा जे करतात ते तिने विसरायचं नाही: प्रमाण झाल्यावर परत निरूपणाला येणं. बहुतेक मुलं अवतरण टाकून तिथेच पूर्णविराम देतात. इंग्लंडमधल्या शाळांत हेच मुद्दा, आधार, स्पष्टीकरण अशा तीन पायऱ्यांनी घोटून घेतात, आणि तिथेही मुलं तिसऱ्या पायरीवरच अडतात.

लिहिण्याची थोडी तांत्रिक बाजूही सांगते, कारण तिच्या चाचणीच्या उत्तरात अवतरणचिन्हं कुठेच नव्हती. तीन गुणांच्या उत्तराला सात-आठ ओळी मिळतात. त्यात अख्खं वाक्य उतरवलं तर दोन ओळी तिथेच गेल्या. तीन-चार शब्द पुरतात, आणि असे एक-दोन आधार म्हणजे खूप झालं. उताऱ्यातलं वाक्य लांब असेल आणि मधले शब्द नको असतील तर तिथे तीन टिंबं द्यावीत, पण ‘नाही’, ‘मात्र’, ‘कदाचित’ असे शब्द कधीही गाळू नयेत. ते गाळले की लेखकाच्या तोंडी भलतंच वाक्य जातं.

अवतरण आपल्या वाक्यात बसवताना मराठीत एक अडचण येते. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. “नाही परवडत”वरून, “नाही परवडत”ने असं लिहायला गेलं की वाक्य अडखळतं. त्यापेक्षा अवतरण पूर्ण करून पुढे ‘या शब्दांवरून’, ‘असं म्हणताना’, ‘या बोलण्यातून’ असं लिहावं, म्हणजे प्रत्यय आपल्या शब्दाला लागतो आणि लेखकाचे शब्द अखंड राहतात. उताऱ्यातलं ‘म्हणत होता’ बदलून तिने ‘म्हणत होत्या’ केलं, किंवा काळ बदलला, तर मग चिन्हं काढून टाकायची. चिन्हांच्या आत जे आहे ते अक्षर न अक्षर लेखकाचं असलं पाहिजे. पात्राच्या तोंडचे शब्द दुहेरी चिन्हांत द्यावेत, हे ती व्याकरणात शिकलीच आहे. तोच नियम इथे पाळायचा. तो फक्त विरामचिन्हांच्या प्रश्नापुरता नाही.

कवितेचं थोडक्यात सांगते. रसग्रहणात मुलं ‘नादमधुर शब्दरचना’, ‘अंत्ययमकामुळे आलेली गेयता’ असं प्रत्येक कवितेखाली लिहितात. कवितेत यमक असो वा नसो! कुठले दोन शब्द यमक साधतात ते लिहिलं की तेच वाक्य एकदम खरं होतं. ओळी प्रश्नात दिलेल्याच असतात, त्या उत्तरात पुन्हा पूर्ण उतरवायच्या नाहीत. ज्या शब्दावर बोलायचं तेवढाच घ्यायचा.

तुम्ही विचारलंत, हे तपासणाऱ्याच्या मर्जीवर असतं का. तुमच्या मुलीच्या वयाच्याच मुलांच्या एका परीक्षेचं उदाहरण देते. पंधरा वर्षांच्या मुलांसाठी ओईसीडी ही आर्थिक सहकार्यासाठी एकत्र आलेल्या देशांची संघटना ‘पिसा’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी घेते. २००० साली ती पहिल्यांदा झाली. तिच्या वाचनाच्या भागातला एक उतारा पुढे जाहीर झाला. त्यात ग्राफिटीबद्दल, म्हणजे भिंतींवर रंगवलेल्या अक्षरा-चित्रांबद्दल, दोन पत्रं आहेत. हेल्गा चिडली आहे, कारण शाळेची भिंत चौथ्यांदा साफ करून रंगवावी लागतेय. सोफिया विचारते, रस्त्यावरचे जाहिरातींचे मोठमोठे फलक आपण चालवून घेतो, मग यालाच एवढा विरोध का? प्रश्न असा की तुम्हाला कोणाचं म्हणणं पटतं; आणि पुढे सूचना, की एका किंवा दोन्ही पत्रांत जे म्हटलं आहे त्याचा स्वतःच्या शब्दांत उल्लेख करून कारण सांगा. हेल्गाची बाजू घ्या की सोफियाची, गुण दोन्हीकडे मिळतात. पत्रात काय आहे याचा मागमूस नसलेल्या मताला मात्र मिळत नाहीत. स्वतःचे शब्द हवेत आणि पत्राचा आधारही हवा. तुमच्या बाईंचे दोन शेरे त्या एका सूचनेत एकत्र आहेत.

मर्जीचा भाग कुठल्याही तपासणीत थोडा असतोच. कुणी तीनपैकी दोन देईल, कुणी अडीच. पण मत वेगळं आहे म्हणून आधार दिलेल्या उत्तराला एकावर आणणं कठीण असतं, कारण मूल कुठून बोलतंय ते समोर दिसत असतं. मुलीला हे सांगाच. ‘बाईंना कोणतं मत आवडेल’ हा विचार तिच्या डोक्यातून जायला हवा. आणि हे दहावीपुरतं नाही. पुढे ती एमपीएससी, यूपीएससीसारख्या स्पर्धा परीक्षांकडे वळली तर त्यांच्या पूर्वपरीक्षेतल्या सी-सॅट या आकलन आणि तर्काच्या पेपरमध्ये हेच समोर येतं. तिथे लिहायचं नसतं, पर्याय निवडायचा असतो. पण चुकीचा पर्याय बहुधा असा असतो की तो जगात खरा असतो, उताऱ्यात मात्र नसतो. ‘उताऱ्यात कुठे?’ हे स्वतःला विचारायची सवय असलेलं मूल तिथे फसत नाही.

आता तुमच्याविषयी. ‘मी कन्नड माध्यमातली, मला तिला काही सांगता येत नाही’ असं तुम्ही लिहिलंत. मला ते मान्य नाही. या कामाला तुमच्यासारखं माणूस घरात असणं फार उपयोगाचं आहे. तिने उतारा वाचावा, तुम्ही वाचू नये. मग तिने उत्तर तोंडी सांगावं. जिथे तुम्हाला पटणार नाही तिथे एवढंच विचारा, ‘कशावरून?’ तुम्ही उतारा वाचलेला नाही, त्यामुळे तिला तो शब्द शोधून, वाचून दाखवावाच लागेल, आणि त्यावरून तिला काय वाटलं तेही सांगावं लागेल. ज्याला सगळं माहीत आहे त्याच्यासमोर मुलं अर्धवट बोलून सुटतात. प्रश्न विचारताना फक्त आवाज उलटतपासणीचा नको. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारा, आणि तिने चांगला शब्द शोधला की तसं म्हणा. रोज एकच उतारा, तोही पाठ्यपुस्तकातलाच हवा असं नाही. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीतला एखादा परिच्छेद चालेल. आठवड्यातून एकदा तोंडी दिलेलं उत्तर सात ओळींत लिहायला सांगा. रोज लिहायला लावलंत तर तिचा त्रागा वाढेल. आत्ता तिची उताऱ्याशी पुन्हा गट्टी जमणं महत्त्वाचं आहे.

एक साधा सराव आणखी. एका उताऱ्यावर एक विधान तुम्ही द्या, जसं ‘अक्का आणि आजोबांची जुनी ओळख आहे’, आणि त्याला आधार तिने शोधायचा. नंतर विधान चुकीचं द्या आणि त्याला आधार सापडत नाही हे तिला स्वतःहून सांगू द्या. ‘याला आधार नाही’ असं ठामपणे म्हणता येणं ही या सगळ्यातली मोठी पायरी आहे. घरी सराव करताना शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली तरी चालेल. पण प्रश्नपत्रिकेवर खुणा करायची सवय बोर्डाच्या परीक्षेत कामाची नाही, म्हणून हळूहळू नुसतं बोट ठेवून शोधायला शिकू द्या.

बाईंना भेटायचं की नाही? तुम्ही एकट्या जाऊ नका, आणि ‘दोन वेगवेगळे शेरे का दिलेत’ असं तर मुळीच विचारू नका. त्यातून बाई बचावाला उभ्या राहतील आणि मुलगी मध्ये सापडेल. तिने स्वतः दोन्ही पेपर घेऊन मधल्या सुट्टीत जावं आणि म्हणावं, ‘बाई, या उत्तरात आधार कुठे घालायला हवा होता, एक वाक्य दाखवाल का?’ एवढं नेमकं विचारलं की बहुतेक शिक्षक आनंदाने सांगतात. एक वाक्य सुधारून मिळालं तरी पुरे. ती बुजत असेल तर पहिल्यांदा तुम्ही सोबत जा, पण बोलू तिलाच द्या.

क्लास या कारणासाठी बदलू नका. सर आकलनाच्या कृती चांगल्या करून घेत असतील तर तो फायदा सोडू नये. ते ठरावीक साच्याची स्वमतं पाठ करायला देत असतील, तर तेवढी मात्र तिने बाजूला ठेवावीत. पाठ केलेलं स्वमत म्हणजे वरचं दुसऱ्या मुलाचं उत्तर. गाइडमधल्या नमुना उत्तरांचंही तसंच. वाचायला हरकत नाही, पण हातात पेन्सिल घेऊन ‘यातलं कुठलं वाक्य उताऱ्यावरून आलंय?’ असं शोधत वाचावं. बरीचशी वाक्यं कुठूनच आलेली नाहीत हे तिच्याच लक्षात येईल.

शाळेच्या पूर्वपरीक्षेला अजून वेळ आहे. तिला सांगा, तिथे उताऱ्याचा प्रश्न शेवटी ठेवायचा नाही. आधी प्रश्न वाचायचा, मग उतारा, आणि स्वमत लिहायला घेण्याआधी जो शब्द वापरायचा आहे त्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवायला जागा सापडली नाही, तर मत बदलायचं किंवा लहान करायचं, आणि मगच पेन उचलायचं. पूर्वपरीक्षेचा पेपर हातात आला की मला जरूर पाठवा. शेरा काय पडला ते मला वाचायचं आहे.